पेजेचं ऋण

मराठी माणसाला 'थँक्यू' पटकन म्हणता येतं, पण 'आभारी आहे' म्हणताना जीभ थोडी अडखळते. दुकानदाराला, बसमध्ये जागा देणाऱ्याला, फोनवरच्या अनोळखी मुलीला आपण थँक्यू म्हणतो. पण आईने ताट वाढलं, बहिणीने रात्रभर उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या, शेजाऱ्याने मध्यरात्री रिक्षा बोलावली, तर आपण काही म्हणत नाही. म्हटलं तर समोरचा माणूस दुखावतो. "आता आमचे आभार मानणार का?" असं वर ऐकावं लागतं ते वेगळंच. :)

म्हणजे जिथे देणं सर्वांत मोठं, तिथे शब्द नाही. ही गोष्ट गेलं वर्षभर माझ्या डोक्यात घोळते आहे आणि तिचा धागा धरून मी आमच्या या किनाऱ्याच्या इतिहासात बराच भटकून आलो. त्या भटकंतीची ही गोष्ट. थोडी लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी शब्दांकडेच बघू. आपल्या 'आभार'मध्ये 'भार' दिसतोच. कोणीतरी आपल्यासाठी काही केलं की खांद्यावर ओझं येतं. पोर्तुगीज माणूस 'ओब्रिगादो' म्हणतो. त्याचा मूळ अर्थ 'मी बांधला गेलो'. गोव्यातला कोकणी ख्रिस्ती माणूस म्हणतो, 'देव बरें करूं'. हा मला सगळ्यांत गोड वाटतो. तुझी परतफेड माझ्याच्याने होणार नाही, तेव्हा ती देवानेच करावी, असा त्याचा अर्थ. आणि मराठी बायबलात एक भारदस्त शब्द आहे, 'उपकारस्तुती'. ख्रिस्ती मंडळी दर रविवारी ज्या उपासनेला जमतात तिला कॅथलिक लोक मिस्सा म्हणतात. तिचं जुनं ग्रीक नाव 'युखरिस्तिया', त्याचा अर्थही उपकारस्तुतीच. म्हणजे या धर्माच्या मध्यावरच आभार मानण्याचा विधी आहे.

आता रेवदंड्याला या.

अलिबागहून मुरूडकडे जाताना चौल लागतं, मग रेवदंडा, मग कुंडलिकेची खाडी आणि पलीकडे कोर्लईचा डोंगर. पर्यटक इथे समुद्र बघायला येतात, फार तर सातखणी बुरूज बघतात. पण नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये एक अख्खं शहर पडलेलं आहे. पोर्तुगीजांना इथे १५१६ मध्ये वखार मिळाली, १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने किल्ला बांधायची परवानगी दिली. १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगरही त्यांनी निजामशाहीकडून जिंकला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. सव्वादोनशे वर्षांचा कारभार आवरून पोर्तुगीज निघून गेले.

सगळे गेले नाहीत. कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी जे गरीब ख्रिस्ती होते ते राहिले. शिपाई, नोकर, गुलाम आणि इथल्याच बायका यांची ती लेकरं. त्यांच्याकडे जहाजात बसून जायला पैसे नव्हते आणि जायला दुसरा गाव नव्हता. त्यांची पोर्तुगीजमधून घडलेली, मराठीत मुरलेली बोली आजही त्या गावात बोलली जाते. ते तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. बोलणारे असतील हजाराच्या आसपास. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९६ मध्ये तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च आहे आणि तिथली प्रार्थना आता मराठीत होते.

तर या चौलच्या पोर्तुगीज शहरात एक संस्था होती, तिचं नाव 'मिसेरिकॉर्दिया'. शब्दाचा अर्थ करुणा. पोर्तुगालची राणी लिओनोर हिने १४९८ मध्ये लिस्बनला पहिली मिसेरिकॉर्दिया सुरू केली. वास्को द गामा कालिकतला पोचला तेच हे साल. त्यानंतर पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे ही संस्था गेली. गोवा, कोचीन, वसई, दमण, दीव आणि आपलं चौल. ही पाद्र्यांची संस्था नव्हती, संसारी माणसांची होती. त्यांनी चौदा करुणाकृत्यांचा नेम घेतलेला असे. भुकेल्याला अन्न देणं, तहानलेल्याला पाणी देणं, उघड्याला वस्त्र देणं, आजाऱ्याची भेट घेणं, कैद्याला सोडवणं, मेलेल्याला मूठमाती देणं, अशी सात शरीराची आणि सात आत्म्याची. परदेशात ज्याचं कोणी नाही तो माणूस तापाने पडला तर त्याच्यापाशी जायचं कोणी, या प्रश्नाला त्यांनी एक व्यवस्था उभी करून उत्तर दिलं होतं.

लगेच गहिवरून जायचं कारण नाही. ही करुणा सगळ्यांना सारखी नव्हती. आधी पोर्तुगीज, मग इतर ख्रिस्ती, बाकीच्यांचा नंबर कुठेतरी शेवटी. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं, आणि त्याच राज्यात एकीकडे आजाऱ्याला भाकरी नेली जात होती नि दुसरीकडे धर्माच्या संशयावरून माणसं कोठडीत टाकली जात होती. दोन्ही खरं आहे. मला यातून दिसतं ते असं की मदत करणाऱ्यांचा घोळका स्वतःभोवती नेहमी एक कुंपण घालतो. कुंपणाच्या आत फार चांगला वागतो. कुंपण कुठे घातलंय, हा खरा प्रश्न.

त्या काळातला एक माणूस मात्र या कुंपणावरून सारखा ये-जा करताना दिसतो. गार्सिया द ओर्ता. मूळचा ज्यू घराण्यातला, बाप्तिस्मा झालेला वैद्य. १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याने निजामशहावर उपचार केले, इथल्या हकिमांशी आणि वैद्यांशी बसून चर्चा केल्या आणि १५६३ मध्ये गोव्यात आपलं औषधी वनस्पतींवरचं संवादरूपी पुस्तक छापलं. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. ते असो.

या पुस्तकात पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, एक प्रकरण आहे. आपल्याकडे या रोगाला 'मोडशी' म्हणायचे. माणूस मोडून पडतो म्हणून मोडशी. पोर्तुगीजांनी त्याचं 'मोर्देशिम' केलं आणि फ्रेंचांनी तेच ऐकून 'मोर द शियाँ', म्हणजे 'कुत्र्याचं मरण' असं करून टाकलं! शब्दांचा प्रवास किती विनोदी असू शकतो, बघा. तर ओर्ता इथल्या वैद्यांचा उपचार नोंदवतो. ते रोग्याला तांदळाचं पाणी देतात, त्यात मिरी आणि जिरं घालून, आणि त्याला 'कांजी' म्हणतात.

हा 'कांजी' शब्द दक्षिणेकडचा. आपण पेज म्हणतो. पोर्तुगीजांनी शब्द आणि पदार्थ दोन्ही घरी नेले. आज पोर्तुगालमध्ये नि ब्राझीलमध्ये कोणी आजारी पडलं की आई किंवा आजी भात घातलेलं कोंबडीचं सूप करते, त्याचं नाव 'कांजा'. म्हणजे आपल्या किनाऱ्याने पोर्तुगालला मिरी दिली, कापड दिलं, हे सगळे पाठ्यपुस्तकवाले सांगतात. आपण त्यांना आजाऱ्याचं जेवणही दिलं, हे मला कुठल्या पुस्तकात धड्याच्या मथळ्यात दिसलं नाही.

आणि पेज म्हणजे नुसती माया नव्हे बरं का. १९७१ मध्ये बांगलादेशचे निर्वासित बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने पटापट मरत होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. पुढे साखरेऐवजी तांदळाचं पीठ वापरूनही असं पाणी करता येतं, हे सिद्ध झालं. मीठ घातलेली पातळ पेज या औषधाची थोरली बहीणच म्हणायची. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर मिळालं. पण मला त्या गोष्टीत लक्षात राहतात ते वाटी-चमचा घेऊन बसलेले नातेवाईक. औषध डॉक्टरांचं होतं, ते तासन् तास घोट घोट पाजणारे हात मात्र घरच्यांचे होते.

ख्रिस्ती धर्माच्या अगदी सुरुवातीच्या इतिहासातही हेच हात आहेत. इसवी सन २५० च्या सुमारास रोमन साम्राज्यात मोठी साथ आली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याच्या पत्रात वर्णन आहे की ख्रिस्ती लोक जिवाची पर्वा न करता रोग्यांजवळ राहिले आणि त्यातले बरेच स्वतः मेले. रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये एक मजेशीर पण गंभीर मुद्दा मांडला. औषध कोणाकडेच नव्हतं. पण नुसतं पाणी, अन्न आणि स्वच्छता एवढं मिळालं तरी मृत्यूचं प्रमाण बरंच खाली येतं. ज्यांच्याजवळ कोणी बसलं ते जास्त वाचले. जे वाचले त्यांना आपण कोणामुळे वाचलो ते ठाऊक होतं. एक लहानसा पंथ पुढच्या काही पिढ्यांत साम्राज्यभर पसरला, त्यामागे हेही एक कारण, असं त्याचं म्हणणं. या धर्माचा कट्टर विरोधक सम्राट ज्युलियन यानेही ३६२ च्या सुमारास आपल्या पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तक्रार केली आहे की हे लोक स्वतःचे गरीब सांभाळतातच, वर आमचेही सांभाळतात. शत्रूने दिलेलं प्रमाणपत्र सगळ्यांत खरं!

इथे थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर हा सगळा खटाटोप मी का केला ते कळणार नाही. नातेवाईक मंडळींना माहीतच आहे. मला आतड्याचा क्षय झाला होता. निदान व्हायला वेळ लागला, ऑपरेशन करावं लागलं आणि नंतर सहा महिने गोळ्या. वजन सत्तेचाळीस किलोवर आलं होतं. घरात आई एकटी, तिचे गुडघे गेलेले. बहीण लांब, तिची मुलं लहान. त्या सहा महिन्यांत आमच्या आळीने मला अक्षरशः वर उचललं. कोणी दवाखान्यात नेलं, कोणी रेशन आणलं, कोणी नुसतं येऊन क्रिकेटचा स्कोअर सांगत बसलं. आणि समोरच्या घरातल्या मावशी, ज्यांचं माहेर कोर्लईचं, त्यांनी सकाळची पेज आणली. एक दिवस नाही, चार महिने. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सोबत भाजलेल्या सुकटीचा चिमूटभर चुरा.

गोळ्या संपल्या, रिपोर्ट चांगला आला, त्या रविवारी मावशींनी चर्चमध्ये माझ्यासाठी उपकाराची मिस्सा सांगितली. मी हिंदू, पण गेलो. परत येताना मी म्हटलं, "मावशी, पेज तुम्ही दिलीत आणि आभार सगळे वरच." मावशी हसल्या. म्हणाल्या, "अरे बाला, मी फक्त तांदूळ शिजवला. भूक कोणी दिली तुला?"

मला उत्तर सुचलं नाही. ज्यांना महिनोन् महिने भूक लागलेली नाही, त्यांनाच त्या वाक्याचं वजन कळेल.

तरी माझा प्रश्न तसाच राहिला. बरं झाल्याबद्दल माणूस देवाचे आभार मानतो. नवस फेडतो, मेणबत्ती लावतो, क्रूस उभारतो. मग ज्यांनी खाट उचलली त्यांचं काय? त्यांची नावं कुठे राहतात?

'खाट उचलली' हा शब्द मी मुद्दाम वापरला. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. एका पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण खाटेवर घालून येशूकडे आणतात. घरात गर्दी इतकी की आत शिरता येत नाही. तेव्हा ते छपरावर चढतात, छप्पर उसकतात आणि वरून दोरीने खाट खाली सोडतात. गोष्ट सांगते की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. रोग्याचा नव्हे, त्यांचा. तो माणूस चालत घरी जातो. आणि ते चौघे? पुढे त्यांचा उल्लेख नाही. नावं नाहीत, धंदा माहीत नाही, ते छप्पर नंतर कोणी शाकारलं हेही माहीत नाही. :)

लूकाच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात, त्यातला एकच परत येऊन आभार मानतो, आणि तो परका, शोमरोनी असतो. पुन्हा कुंपण आलं बघा! आभार मानायला आला तोच नेमका कुंपणाबाहेरचा. पेत्राची सासू तापातून उठते आणि लगेच पाहुण्यांची सेवा करू लागते. तिची उपकारस्तुती म्हणजे स्वयंपाकघर. आमच्या आळीतल्या कुठल्याही बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

पोर्तुगीजांनी बरोबर आणलेल्या संतांमध्ये सांव रोक नावाचा एक आहे. प्लेगचा संत. त्याची कथा अशी की तो इटलीत प्लेगच्या रोग्यांची सेवा करत फिरत होता, त्याला स्वतःलाच प्लेग झाला, तेव्हा गावावर ओझं नको म्हणून तो रानात जाऊन पडला. तिथे एक कुत्रा रोज तोंडात भाकरी धरून त्याच्याकडे यायचा. चित्रांमध्ये हा संत मांडीवरची जखम दाखवत उभा असतो आणि पायाशी भाकरी धरलेला कुत्रा असतोच. म्हणजे पेज आणणाऱ्याला चित्रात जागा मिळाली, अशी निदान एक तरी मूर्ती सापडली! कुत्र्याला नाव नाही, पण जागा पक्की.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासियु व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबईतून सुमारे चार लाख माणसं पळाली. त्यातली कितीतरी बोटीने आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत परतली. तेव्हा या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड झालं १९८१ मध्ये. १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा आला, सैनिक घराघरांत शिरून रोगी ओढून काढू लागले, आणि लोकांना रोगापेक्षा दवाखान्याची भीती जास्त वाटू लागली. एकटं नेतात, घरचं कोणी जवळ बसू देत नाहीत, ही ती भीती. मग मुंबईत पारशी, हिंदू, मुसलमान अशा समाजांनी आपापली प्लेगची रुग्णालयं उघडली. तिथे माणसं जायला तयार झाली. खाटेशेजारी आपलं माणूस असलं की दवाखानाही सहन होतो.

त्याच मार्चमध्ये, १० तारखेला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी मुलाच्या, म्हणजे डॉ. यशवंतच्या दवाखान्यात आणलं होतं. तो मुलगा वाचला आणि त्यांना प्लेग झाला. खाट उचलणाऱ्या चौघांची नावं गेली, या एकीचं मात्र राहिलं, हे आपलं भाग्य.

मुंबईत वांद्रे, माझगाव, गिरगाव या भागांत रस्त्याकडेला जे जुने क्रूस दिसतात, त्यातले कितीतरी या प्लेगच्या काळातले. साथीपासून राखण व्हावी म्हणून उभारलेले, किंवा वाचल्याबद्दल आभार म्हणून उभारलेले. ते उभारणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती म्हणजे आपल्या उत्तर कोकणातलीच माणसं, मराठीची एक गोड बोली बोलणारी. वाडीतली सगळी घरं संध्याकाळी त्या क्रूसापाशी जमत. त्या दगडांवर साल असतं, कधी उभारणाऱ्याचं नाव असतं. पेज कोणी आणली ते नसतं.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एका समाजाची उपकारस्तुती आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेने इस्रायल, म्हणजे आपले शनिवार तेली. नवगावच्या किनाऱ्याला त्यांचे पूर्वज गलबत फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, तिथे प्रेषित एलियाहू प्रकटला होता अशी त्यांची श्रद्धा. घरात कोणी आजारातून उठलं, लग्न ठरलं, नवीन घर झालं की ते 'मलिदा' करतात. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची आणि फळं. प्रार्थना होते, मग मलिदा सगळ्यांना वाटतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण तिथेही मलिदा होतो, आणि तिकडून आलेली माणसं अजून त्या खडकापाशी येतात.

मलिद्यात मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. आभार देवाचे, पण खातात शेजारी! पोहे-नारळ देवाच्या नावाने ठेवतात आणि मग ते आजारपणात धावून आलेल्यांच्याच हातावर पडतात. मिस्सेतही शेवटी भाकर मोडून वाटतात. सत्यनारायणाचा शिरा तरी वेगळा काय असतो? देवाचं नाव घेतलं की शेजाऱ्याला 'आभार' असं तोंडावर म्हणून लाजवावं लागत नाही, आणि त्याच्यापर्यंत पोचतंही. 'देव बरें करूं' याचा अर्थ मला आता असा लागतो.

उरलेलं अर्धं उत्तर नावांचं. फ्लॉरेन्समध्येही करुणेचं एक बंधुमंडळ आहे, १२४४ मध्ये स्थापन झालेलं असं ते सांगतात. रोगी आणि मृत उचलून नेणारी ही माणसं शतकानुशतकं चेहरा झाकणारी काळी टोपी घालून कामाला जात. आपल्याला कोणी ओळखू नये, म्हणून. उजव्या हाताने केलेलं दान डाव्याला कळू नये, ही येशूची शिकवण त्यांनी अशी शब्दशः पाळली. तेव्हा खाट उचलणाऱ्यांची नावं इतिहासाने पुसली असं मी म्हणत होतो, पण त्यातली काही त्यांनी स्वतःच लपवलेली असणार. मी मावशींना विचारलं होतं, हे लिहिताना तुमचं नाव घालू का? "काय करायचंय नाव? पेज पितोस ना अजून?" एवढंच म्हणाल्या. म्हणून इथे नाव नाही.

पण देणाऱ्याने नाव लपवावं हा त्याचा अधिकार, आणि घेणाऱ्याने ते लक्षात ठेवावं हे त्याचं काम. कोर्लईच्या किल्ल्यावर कप्तानांची नावं पोर्तुगीजमध्ये कोरलेली आहेत. कप्तान गेले, तोफा गंजल्या. खाली गावात मात्र आपली भाषा, आपली प्रार्थना अजून टिकून आहे, ती दगडावर लिहिलेली नव्हती म्हणूनच. १७४० नंतर किल्ल्याचं संरक्षण गेलं, सत्ता गेली, पैसा गेला. मूठभर माणसं मागे राहिली आणि एकमेकांना धरून पावणेतीनशेहून अधिक वर्षं टिकली. आजूबाजूच्या आगरी-कोळी, मुसलमान, ज्यू शेजाऱ्यांशी त्यांचा भाजी-मासळीचा, आजारपणाचा, मयताचा व्यवहार झाल्याशिवाय हे झालं नसणार. ज्या समाजाला मदतीची इतकी गरज पडली, त्यातली एक मुलगी लग्न होऊन खाडीच्या या बाजूला आली आणि तिने मला चार महिने पेज दिली. मी हे ऋण माझ्या एकट्याचं मानत नाही. या किनाऱ्यावर ते फार आधीपासून इकडून तिकडे फिरतं आहे.

आता मी एक वही केली आहे. माझ्या आजारपणात कोण काय करून गेलं, ते तारखेसकट लिहून काढलं. जमलं तेवढं आईकडून विचारून घेतलं. बेचाळीस नावं झाली. त्यातल्या तिघांशी पूर्वी आमचं बोलणंही नव्हतं. वही कोणाला दाखवायची नाही, त्यांची पंचाईत होईल. पण त्यातल्या कोणाच्या घरी कधी ताप आला तर मला कळलं पाहिजे.

तुमच्याही घरात अशी एखादी मोठी दुखणी होऊन गेली असतील. आजोबांचा टायफॉइड, आत्याचं बाळंतपण, कोणाचा अपघात. तेव्हा पेज कोणी आणली होती, हे घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा. जरा लवकर विचारा. ते नाव त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे नसतं.